लाकडाची पारख : घराच्या लाकडाविषयीचे भारतीय लेखन आणि संमतीचा प्रश्न

१

घरासाठी चांगले लाकूड कोणते, हा प्रश्न सुताराचा आणि घरमालकाचा. साहित्याच्या अभ्यासकाला त्याच्याशी काय कर्तव्य, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भारतीय भाषांनी या एका प्रश्नाची लेखी उत्तरे किमान दीड हजार वर्षे दिलेली आहेत. संस्कृत संहिताग्रंथांत ती आहेत, केरळातील वास्तुविद्येच्या पद्यग्रंथांत आहेत, मराठी राजनीतीच्या गद्यात आहेत आणि एकोणिसाव्या शतकातील कायद्यांतही आहेत. तांत्रिक माहितीचा साठा एवढ्याच दृष्टीने या लेखनाकडे पाहिले गेल्यामुळे त्यातला काही भाग वनस्पतिशास्त्राकडे गेला, काही वास्तुविद्येकडे, काही अर्थेतिहासाकडे. ते सलग वाचले जात नाही. ते सलग वाचल्यास काय दिसते, याचा शोध प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका फजितीमुळे. अभ्यागत प्राध्यापक म्हणून महाराष्ट्राबाहेर राहू लागल्यावर पुस्तकांसाठी मांडणी करून घेण्याची वेळ आली. आमच्या जुन्या घरातील शिसवी पेटी डोळ्यांसमोर होती. म्हणून पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्या एका अनुभवी सुताराला मी शिसवाचे लाकूड आणावयास सांगितले. त्याने 'शीशम' आणले. त्याचा रंग सोनेरी तपकिरी होता आणि त्यावर गडद रेघा होत्या. मला अपेक्षित असलेला जांभळट काळा रंग कुठेच नव्हता. वखारवाल्याने फसवले असे मी सुताराला म्हणालो. त्याने फळी उन्हात धरली, कडेचा पांढरा पट्टा किती अरुंद आहे ते दाखवले आणि शांतपणे सांगितले, की याहून चांगले शीशम या बाजारात मिळणार नाही. तो बरोबर होता. चूक माझ्या शब्दात होती.

मराठीतील 'शिसव' आणि हिंदीतील 'शीशम' हे दोन्ही शब्द संस्कृत 'शिंशपा'कडे नेले जातात. पण सह्याद्रीच्या आसमंतात शिसव म्हणतात ते झाड आणि गंगायमुनेच्या मैदानात शीशम म्हणतात ते झाड ही एकाच कुळातील दोन भिन्न झाडे आहेत. त्यांचा रंग, वजन, तंतू आणि किंमत यांत फरक आहे. शब्द एका मुळाचा, लाकूड दोन जातींचे. तौलनिक अभ्यासात अनुवादाच्या समस्यांची चर्चा करताना आपण 'धर्म', 'रस', 'ध्वनी' अशा संज्ञांची उदाहरणे घेतो. दाराच्या चौकटीचे लाकूडही तेवढेच अवघड उदाहरण आहे, हे त्या दिवशी ध्यानात आले.

२

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त पलंग व आसने यांच्या लक्षणांचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात या कामासाठी शुभ मानलेल्या वृक्षांची यादी येते. असन, चंदन, देवदार, तिंदुकी, शाल, शाक, शिंशपा इत्यादी नावे तीत आहेत. यांतील 'शाक' म्हणजे साग. मराठी शब्द त्याचाच वंशज आहे. ही यादी मराठी वाचकाने वाचली तर सागापाशी त्याला अडचण नाही. शिंशपेपाशी तो काळ्या शिसवाची कल्पना करील आणि काशीचा वाचक शीशमाची. 'असना'पाशी गुंता आणखी वाढतो. आयुर्वेदाच्या परंपरेत असन म्हणजे सामान्यतः बिबळा. उत्तरेतील जंगलांत मात्र मराठीत ज्याला ऐन म्हणतात त्या वर्गातील झाडाला असन म्हणतात. 'शाल' तर पश्चिम महाराष्ट्राच्या वाचकाने बहुधा पुस्तकातच पाहिलेला असतो. संस्कृतातील वृक्षनामे प्रदेशोप्रदेशी तशीच उच्चारली गेली, पण प्रत्येक प्रदेशाने आपापल्या रानातले झाड त्यांत बसवले. यादी अखिल भारतीय राहिली. लाकूड मात्र स्थानिकच राहिले.

यादीनंतर वराहमिहिर लाकडातील छिद्रांकडे वळतो, आणि येथे त्याचे निरीक्षण विलक्षण सूक्ष्म होते. छिद्रांचे सहा प्रकार तो नावांनिशी सांगतो: निष्कुट, कोलाक्ष, सूकरनयन, वत्सनाभ, कालक आणि धुंधुक. आत घटासारखे पोकळ पण तोंडाशी अरुंद ते निष्कुट. पावट्याउडदाएवढे निळसर ते कोलाक्ष. वेडेवाकडे व विवर्ण ते सूकरनयन. काळे ते कालक. आरपार फुटलेले ते धुंधुक. प्रत्येकाला अशुभ फळ जोडलेले आहे, त्यामुळे आधुनिक वाचक हा भाग शकुनशास्त्र म्हणून बाजूला ठेवतो. परंतु याच ठिकाणी ग्रंथकार एक अपवाद नोंदवतो. लाकडाच्याच रंगाचे छिद्र तितके वाईट नव्हे, असे तो म्हणतो.

हा अपवाद शकुनाने समजत नाही, सुतारकामाने समजतो. फांदी जिवंत असताना खोडात मुरली की तिची गाठ आजूबाजूच्या तंतूंशी एकजीव होते आणि तिचा रंगही लाकडाशी मिळताजुळता राहतो. फांदी आधी मेली व मग खोडाने तिला वेढले, तर गाठ काळी, सुटी राहते आणि लाकूड वाळल्यावर गळून पडते. कोणताही जाणता सुतार आजही पहिली गाठ चालवून घेतो आणि दुसरी कापून टाकतो. ग्रंथकाराच्या शुभाशुभाच्या भाषेत कारागिराचे ज्ञान साठवलेले आहे. शास्त्र आणि अंधश्रद्धा असे या ग्रंथांचे दोन भाग पाडून वाचण्याची आपली सवय येथे अपुरी पडते.

याच ग्रंथात वास्तुविद्येच्या प्रकरणात झाड तोडल्यानंतर छेदाकडे पाहावयास सांगितले आहे. छेदात विकार नसेल तर ते लाकूड घरास योग्य. त्यात रंगीत मंडले दिसली तर त्यांवरून आत काय दडले आहे ते ओळखावे: पिवळ्या मंडलात घोरपड, निळ्यात साप, कपिल रंगाच्या मंडलात उंदीर. आपल्याला हे गमतीचे वाटते. पण खोडातील रंगबदल हे आतल्या पोकळीचे व कुजण्याचे लक्षण आहे आणि ढोलीत हेच प्राणी राहतात, ही गोष्ट कोणत्याही वनवासी माणसास परिचित आहे.

मूर्तीसाठी लाकूड आणण्याचा विधी 'वनसंप्रवेश' या प्रकरणात येतो. स्मशानातील, वाटेवरील, देवालयातील, वारुळावरील, आश्रमातील झाड घेऊ नये. वीज पडलेले, वाऱ्याने मोडलेले, वेलींनी आवळलेले, आगीने होरपळलेले, मधाचे पोळे असलेले झाडही घेऊ नये. निवडलेल्या झाडाची रात्री पूजा करावी आणि त्यावर वस्ती करणाऱ्या भूतांना, आपण दुसरीकडे मुक्काम हलवावा, अशी विनंती करावी. मग सकाळी तुपामधाने माखलेल्या कुऱ्हाडीने घाव घालावा. या निषेधांची छाननी केली तर त्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या दिसतात. काही निषेध लाकडाच्या दोषांचे आहेत, कारण वीज पडलेले खोड आतून चिरलेले असते. काही सार्वजनिक वापराच्या झाडांचे रक्षण करतात. काही मात्र निव्वळ भयाचे आहेत.

या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. त्याच प्रकरणात कोणत्या वर्णाने कोणते झाड घ्यावे याची वाटणी आहे, आणि देवदार व चंदन कोणाच्या वाट्याला जातात हे सांगावयास नको. झाडावरच्या अदृश्य रहिवाशांची परवानगी मागणारा हा ग्रंथ झाडाखालच्या दृश्य माणसांची उतरंड जशीच्या तशी ठेवतो. तथापि एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: लाकडाची पारख आणि संमतीची याचना या दोन क्रिया येथे एकाच विधीचे भाग आहेत.

३

दक्षिणेकडे सोळाव्या शतकात तिरुमंगलत्तु नीलकंठन मूसत यांनी 'मनुष्यालयचंद्रिका' हा संस्कृत पद्यग्रंथ रचला. देवळांऐवजी माणसांच्या घरांना वाहिलेला हा ग्रंथ केरळातील तच्चन म्हणजे सुतारांच्या परंपरेत प्रमाण मानला गेला. त्यात झाडांचे जे वर्गीकरण आहे ते बृहत्संहितेहून अगदी निराळ्या तत्त्वावर उभे आहे. लाकडाचा 'सार' म्हणजे कठीण, टिकाऊ भाग खोडात कुठे आहे, एवढाच प्रश्न ग्रंथकार विचारतो. फणसासारखी झाडे अंतःसार, म्हणजे आतून कठीण. साग, चिंच यांसारखी सर्वसार. नारळ, पोफळ, बांबू ही बहिःसार. त्यांचा कठीणपणा बाहेरच्या वेढ्यात असतो. शेवगा, सातवीण, पळस ही निःसार.

कोकणच्या वाचकाला या यादीत अनुवादाची अडचण पडत नाही. फणस, चिंच, माड, पोफळ, बांबू, शेवगा, सातवीण, पळस ही सगळी त्याच्या परसातील किंवा गावच्या रानातील झाडे. मलबारपासून उत्तर कोकणापर्यंतचा किनारा भाषांनी तुटलेला असला तरी झाडांनी सलग आहे. कोकणातील घरांची रचना पाहिली की हे चौपदरी वर्गीकरण ग्रंथ न वाचताही तिथे पाळले गेले आहे असे दिसते. खांबांना आणि दारांना फणस, छपराच्या हलक्या कामाला पोफळीचे किंवा माडाचे वासे, कुडाला बांबू. आणि शेवग्याला कोणी करवत लावत नाही.

सारतत्त्वाचा हा विचार मराठीत स्वतंत्र ग्रंथाच्या रूपाने फारसा दिसत नाही. तो शब्दांत आणि म्हणींत मुरलेला आहे. खोडाच्या आतल्या पक्क्या भागाला मराठी 'गाभा' म्हणते आणि कोणत्याही विषयाचे मर्म सांगतानाही हाच शब्द वापरते. दोन खांबांमधल्या अंतराला 'खण' म्हणतात. घर किती मोठे हे सांगताना ते किती खणांचे, असे विचारले जाई. आणि खणाची रुंदी ठरे ती उपलब्ध तुळईच्या लांबीवरून. म्हणजे घराचे माप शेवटी रानातल्या झाडाचे माप होते. उपकार विसरणारा माणूस खाल्ल्या घरचे वासे मोजतो, आणि दिवस फिरले म्हणजे घराबरोबर घराचे वासेही फिरतात. ही दुसरी म्हण वापरताना आपण तिचा आलंकारिक अर्थच घेतो. पण ओल्या लाकडाचे वासे छपराला घातले की वाळताना ते खरोखरच पिळवटतात आणि सबंध छप्पर हलते. लाकूड मुरू द्यावे, मगच चढवावे, हा सुताराचा पहिला नियम या म्हणीच्या मुळाशी आहे.

४

मराठी गद्यात लाकडाच्या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले ते रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या राजनीतिपर ग्रंथाच्या आरमारविषयक भागात लाकूड कोठून आणावे याचा विचार आहे. हा उतारा शिवाजी महाराजांचा हुकूम म्हणून वारंवार सांगितला जातो. शिवकालीन धोरणाची स्मृती त्यात असणे संभवनीय आहे, पण ग्रंथाचे कर्तृत्व अमात्यांकडे जाते, हे नोंदवणे आवश्यक आहे.

त्यातील भूमिका थोडक्यात अशी. आरमाराला थोर लाकूड लागते. राज्यातील अरण्यांतून साग वगैरे जे अनुकूल पडेल ते हुजूरच्या परवानगीने तोडावे. अधिक लागेल ते परमुलखातून खरेदी करावे. राज्यातील आंबे, फणस हीही आरमाराच्या उपयोगाची लाकडे आहेत, परंतु त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे दीर्घकाळ वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याची समजूत घालून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे; बलात्कार करू नये.

या उताऱ्याकडे आज पर्यावरणविचाराचा पूर्वसूरी म्हणून पाहिले जाते. माझ्या मते त्याचे खरे महत्त्व अन्यत्र आहे. आंबा आणि फणस यांचे लाकूड उपयोगाचे आहे, ही गोष्ट अमात्य नाकारत नाहीत. उलट ती आधी मान्य करतात. लाकूड चांगले असणे हे ते तोडण्यास पुरेसे कारण होत नाही, असा युक्तिवाद येथे प्रथमच एवढ्या स्पष्टपणे मराठी गद्यात येतो. वराहमिहिराच्या विधीत संमती मागायची ती झाडावरच्या भूतांची. आज्ञापत्रात ती मागायची झाड लावणाऱ्या माणसाची. देवतेची जागा कुणब्याने घेतली. शाप मात्र शिल्लक राहिला आहे, कारण रयतेचे तळतळाट राज्याला लागतात ही धारणा या विवेचनामागे आहेच. परंतु शापाच्या जोडीला किंमत आणि राजीखुशी आली, आणि तेथे विधीचे रूपांतर व्यवहारात झाले.

अर्थात आज्ञापत्र हा आदेश आहे, वृत्तान्त नव्हे. आणि त्यातील संरक्षण रयतेच्या झाडांना आहे, अरण्याला नाही. अरण्यातला साग हुजूरच्या परवानगीचा. मोठ्या वाड्यांसाठी तो तसाच आणला जाई. १७३० ते १७३२ या काळात पुण्यात शनिवारवाडा उभा राहिला तेव्हा त्याचा साग जुन्नरच्या रानातून आला असे सांगितले जाते. १८२८ सालच्या आगीत त्या वाड्याचे लाकूडकाम जळून गेले आणि दगडी जोते व तट तेवढे उरले. साग सरदारांचा, आंबा-फणस सामान्यांचा, ही विभागणी पेशवाईतील वास्तूंकडे पाहताना ध्यानी ठेवावी लागते.

५

एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या संदर्भातील संमतीची ही भाषा कायद्याच्या भाषेत विलीन झाली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागाची जहाजे बांधली जात. १८१७ साली पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' ही ब्रिटिश युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. सागाची ही ख्यातीच त्याच्या रानांना भोवली. १८०६ साली मलबारात सागासाठी वनसंरक्षक नेमला गेला, १८४७ साली मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांच्या हाताखाली वनखाते सुरू झाले, १८६४ साली डीट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ चा वनकायदा अपुरा वाटल्याने १८७८ चा आला, आणि त्याने राखीव, संरक्षित व ग्रामवने अशी विभागणी केली. १९२७ च्या कायद्याने हीच चौकट पक्की केली.

'राखीव' हा शब्द मराठीत जुना आहे, पण या कायद्यानंतर त्याचा अर्थ बदलला. पूर्वी एखादे कुरण किंवा देवराई राखली जाई ती गावासाठी. आता रान राखले गेले ते गावापासून. शेतकऱ्याला घराचा वासा बदलायचा तर त्याला हक्क सिद्ध करावा लागे किंवा सवलत मागावी लागे. मध्य प्रांतात अशा सवलतींसाठी 'निस्तार' हा शब्द रूढ झाला आणि विदर्भातील मराठीत तो आजही जिवंत आहे. घर, नांगर, कुंपण, सरपण यांना लागणारे लाकूड निस्तारात येई. परवानगीची खूण म्हणून लाकडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा उमटू लागला. रात्रीची पूजा, मालकाची समजूत आणि हा ठसा: तिन्हींचे काम एकच, संमतीची साक्ष देण्याचे. फरक एवढाच की तिसऱ्या वेळी संमती मागणारा आणि देणारा हे दोघे एकमेकांना ओळखत नव्हते.

या बदलाची मराठीतील सर्वांत तीव्र साहित्यिक नोंद जोतीराव फुले यांच्या १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये आहे. रानातला पाला, फळे, चार जनावरांची चराई यांवर तग धरणारा गरीब शेतकरी वनखात्याच्या व्यवस्थेने कसा उघडा पडला, हे फुल्यांनी तेथे मांडले आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी एवढ्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला वनविषयक चौकशी आयोग नेमावा लागला. आज्ञापत्र आणि असूड ही दोन पुस्तके सहसा शेजारी ठेवून वाचली जात नाहीत. एक राज्यकर्त्याच्या बाजूने लिहिलेले, दुसरे त्याच्या विरुद्ध. पण रयत आणि झाड यांच्यामध्ये सरकारने कितपत यावे, हा प्रश्न दोन्हींत समान आहे.

आपल्या रानातला साग महाग आणि दुर्मिळ होत गेला तशी मुंबईची बांधकामे ब्रह्मदेशाकडे वळली. १८५२ च्या युद्धानंतर पेगूचा प्रदेश इंग्रजांकडे आला होता. ब्रँडिस यांचे वनव्यवस्थापनही १८५६ साली तेथेच सुरू झाले. १८६३ साली मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' स्थापन झाले. तेथील पद्धत अशी, की उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल व पांढरे लाकूड कापून खोल कडे पाडायचे आणि झाड दोन-तीन वर्षे जागीच वाळू द्यायचे, कारण ओला साग पाण्यावर तरंगत नाही. वाळलेले ओंडके हत्तींनी ओढून ओढ्यात टाकले जात आणि पावसाळ्यात नदीने मौलमैन वा रंगूनकडे येत. घरमालकाच्या दृष्टीने हा उत्तम माल: झाडावरच मुरलेला, सरळ तंतूंचा, तेलकट गाभ्याचा. म्हणूनच 'मोलमीन' हे बंदराचे नाव लाकडाच्या प्रतीचे नाव झाले.

या प्रतीची किंमत एका राजाने चुकवली. कंपनीने ओंडक्यांची संख्या कमी दाखवून कर बुडवला, या आरोपावरून १८८५ साली मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड केला. तो दंड युद्धाचे निमित्त ठरला. उत्तर ब्रह्मदेश खालसा झाला आणि राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीस स्थानबद्ध होऊन आला. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आजही भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा आहे. १९१६ साली राजा तेथेच वारला. ज्या किनाऱ्यावर ब्रह्मी साग उतरत होता, त्याच किनाऱ्यावर ब्रह्मदेशाचा शेवटचा राजाही उतरवला गेला. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' (२०००) या कादंबरीत रत्नागिरी आणि ब्रह्मदेशातील सागाची रानेही येतात, हा योगायोग नव्हे. मराठीत थिबाविषयी कुतूहल भरपूर आहे. पण त्याच्या स्थानबद्धतेचा संबंध आपल्याच शहरांतील तुळयांशी आहे, याची जाणीव मात्र विरळा.

६

त्यानंतरच्या काळातील घटना येथे सूत्ररूपानेच सांगता येतील. १९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून प्रशासकीयदृष्ट्या अलग झाला. १९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या कामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली. ती २०२० साली उठली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशाने मंजूर कार्ययोजनेखेरीज होणारी वृक्षतोड थांबवली. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली. आज वखारीत आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील लागवडीचा साग सर्रास दिसतो. त्याच्या जोडीला 'वलसाडी', 'सी.पी.', 'दांडेली' ही जुनी प्रदेशनामे अजून प्रतीची नावे म्हणून चालतात. 'सी.पी.'मधील मध्य प्रांत केव्हाच इतिहासजमा झाला. फळीवर मात्र तो टिकून आहे. शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. मल्याळममधील 'तेक्कु' पोर्तुगीजांनी 'तेका' म्हणून नेला, इंग्रजीत तो 'टीक' झाला आणि आता मराठी दुकानात 'साग' मागितला तर दुकानदार 'टीक हवे का' असे विचारतो. 'शाक'चा वंशज आणि 'तेक्कु'चा वंशज असे दोन शब्द एकाच फळीवर भेटतात.

या बाजारात चांगले लाकूड शोधणाऱ्याची सर्वांत भरवशाची जागा आता रान नसून पाडलेली घरे ही आहे. पुण्यातील वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब, कडीपाट यांचा लिलाव होतो. शतकाहून अधिक काळ मुरलेले हे लाकूड नव्या सागाहून अधिक स्थिर असते. घेणाऱ्याने मात्र काही गोष्टी पाहाव्यात. भिंतीत गाडलेले टोक ठोकून पाहावे. बद्द आवाज आला तर आत वाळवीने पोखरलेले असते. जुनी खुंट्यांची भोके आणि तुटके खिळे मोजावेत, कारण तेवढी लांबी वाया जाते आणि करवतीचे पातेही. एक टोक ताजे कापून पाहावे. वर्तुळे दाट असतील तर झाड सावकाश वाढलेले, आणि पांढरी कड नसेल तर ते पूर्ण गाभ्याचे. वराहमिहिराने छेद पाहावयास सांगितला तो याच कारणाने.

अशाच एका वखारीत काही वर्षांपूर्वी एका तुळईच्या टोकाला मी कमळाची अर्धी पाकळी पाहिली; उरलेली अर्धी करवतीने गेली होती. कोणाच्या वाड्याची, असे विचारल्यावर वखारवाल्याने घनफुटाचा भाव सांगितला. त्याचा प्रमाद काही नव्हता. त्याला विचारण्याजोगा तोच प्रश्न होता.

मूळ मुद्द्याकडे येऊन समारोप करतो. दीड हजार वर्षांच्या या लेखनात लाकूड ओळखण्याचे ज्ञान फारसे बदललेले नाही: गाभा पाहा, गाठ पाहा, वाळलेले आहे का ते पाहा. बदलत गेले ते उत्तर 'कोणाला विचारून?' या प्रश्नाचे. आधी झाडावरची भूते, मग झाडाचा धनी, मग खात्याचा ठसा, आणि आता पावती. ही केवळ ऱ्हासाची कथा आहे असे मी मानत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला पुन्हा या वाक्यात जागा दिली. २००९ साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे तेथील बांबू गावाच्या परवान्याने बाहेर पडू लागला. कायद्याने बांबूला गौण वनोपजांत घातले. इमारती लाकूड मात्र त्या व्याख्येबाहेर राहिले. मूसतांच्या वर्गीकरणाच्या भाषेत सांगायचे तर गावाला आजवर बहिःसार मिळाले आहे, अंतःसाराचा निर्णय अजून दुसरीकडे होतो.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांपुढे यातून एक काम उभे राहते. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या कोशाने सुतारांचे पुष्कळ शब्द टिपले. त्यानंतर ते शब्द वापरणारी माणसे कमी होत गेली. मराठी, कोकणी, मल्याळम, हिंदी, गोंडी या भाषांतील लाकडाच्या शब्दांचा तुलनात्मक कोश, प्रत्येक शब्दाशेजारी प्रत्यक्ष लाकडाचा तुकडा ठेवून, अजूनही करता येण्याजोगा आहे. पण ज्यांना विचारायचे ते कारागीर वृद्ध होत आहेत. माझी पुस्तके अखेरीस शीशमाच्या मांडणीवरच लागली. मांडणी उत्तम झाली आहे. तिच्या एका फळीत लाकडाच्याच रंगाची एक गाठ आहे. सुताराने ती मुद्दाम समोरच्या बाजूला ठेवली.